लेटरबॉक्सवरचं नाव

जर्मनीत इमारतीच्या दाराशी पत्र्याच्या पेट्यांची रांग असते. प्रत्येक पेटीवर छोटी पट्टी आणि पट्टीवर आडनाव. फ्लॅटला बहुतेक ठिकाणी नंबर नसतोच. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो आणि ते दिसलं नाही, तर पत्र परत जातं. विमानतळावरून थेट खोलीवर पोहोचलेल्या मुलामुलींना हे कोणी सांगितलेलं नसतं. घरमालकाकडून छापील पट्टी मिळायला महिना लागतो. तोवर साध्या कागदावर ठळक अक्षरात आडनाव लिहून सेलोटेपनं चिकटवलं तरी चालतं, पण ते पहिल्याच संध्याकाळी व्हायला हवं.

कारण त्यानंतर जे काही येणार, ते पोस्टानं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून, त्याचा पिन दुसऱ्या. आरोग्य विम्याचं कार्ड आणि अकरा आकडी करक्रमांकही पोस्टानंच. हा करक्रमांक कंपनीला वेळेत दिला नाही, तर पगारावर सर्वांत चढ्या वर्गानं कर कापला जाऊ शकतो. पुढे पैसे परत मिळतात, पण ज्याला पहिल्या पगारातून घरभाडं भरायचं आहे त्याला ते ‘पुढे’ परवडत नाही.

इतक्या लहान गोष्टीनं सुरुवात करण्याला कारण आहे. परदेशी जाण्याबद्दल आपल्याकडे उदंड बोललं जातं. क्लास, काउन्सेलर, कर्ज, व्हिसा, विमानतळावरचा निरोप इथपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या पाठांतरातला झाला आहे. पण तिथे राहणं, दहा-पंधरा वर्षांसाठी मुळं धरणं, हे वेगळं काम आहे. ते भाषेवर आणि कागदांवर उभं राहतं, आणि त्याची तयारी निघण्याच्या किमान वर्षभर आधी सुरू व्हावी लागते.

मराठी माणसाला जर्मनी नवी नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकात बर्लिनला गेल्या, १९३० साली तिथली डॉक्टरेट घेतली आणि पुण्याला परतल्या. त्या पिढीत शिकून परत येणं गृहीतच होतं. २००० साली जर्मन सरकारनं संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना आणली. नाव अमेरिकेसारखं असलं, तरी परवाना पाचच वर्षांचा होता. त्याच वर्षी एका प्रांताच्या निवडणुकीत ‘भारतीयांऐवजी आपली मुलं’ अशा अर्थाची घोषणा गाजली. पाच वर्षांनी काय, हे ठाऊक नसलेला माणूस घर कशाला मांडेल?

आज चित्र बदललं आहे. २०२२-२३च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन सरकारनं भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग या प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. स्टुटगार्ट त्याची राजधानी. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश तिथलेच. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्यासारख्या कामांसाठी १०,००० तरुणांना तिकडे पाठवण्याचा हा मनसुबा आहे. म्हणजे दार आता फक्त इंजिनिअरांपुरतं उघडं नाही.

दारातून आत जायच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत, आणि वाट निवडतानाच पुढची दहा वर्षं बरीचशी ठरून जातात.

सर्वांत वाहती वाट विद्यापीठाची. सरकारी विद्यापीठांत बहुतेक प्रांतांमध्ये फी नाही, सत्राला काहीशे युरोंचं शुल्क असतं. बाडेन-वुर्टेमबर्ग मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. पदवीचा खरेखोटेपणा तपासणारी ही पायरी वेळखाऊ असते, म्हणून ती सर्वांत आधी उरकावी. शिवाय एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘श्पेरकोंटो’ म्हणजे गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. ते दरमहा ९९२ युरोंच्या हप्त्यानं सुटतात. म्युनिकमध्ये त्यातले सहाशे-सातशे एका खोलीच्या भाड्यात जाऊ शकतात. लाइपझिग किंवा केमनिट्झमध्ये तेच पैसे पुरून उरतात. शहर निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीइतकाच हा हिशेबही मांडायला हवा.

खासगी विद्यापीठांबाबत मात्र सावध राहायला हवं. तिथे प्रवेश पटकन मिळतो, फी काही हजार ते वीस हजार युरोंपर्यंत असते आणि काउन्सेलरला त्यावर दलाली मिळते. २०२५मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्याचे आदेश मिळाले, कारण त्यांचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष हजेरीचा नाही, मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन आहे, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी ठरवलं. कर्ज काढून गेलेल्या मुलांवर काय गुदरलं असेल, याची कल्पनाही नकोशी वाटते. वर्ग प्रत्यक्षात कुठे आणि किती भरतात, हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय फीचा एक युरोही पाठवू नये.

दुसरी वाट ‘आउसबिल्डुंग’ची, आणि बारावीनंतरच्या मुलांनी तिचा गांभीर्यानं विचार करायला हवा. दोन ते साडेतीन वर्षांचं हे व्यावसायिक शिक्षण असतं. काही दिवस शाळेत, बाकीचे दिवस कारखान्यात, दवाखान्यात किंवा हॉटेलात, आणि पहिल्या महिन्यापासून हातात विद्यावेतन. सार्वजनिक रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीही महिना १,३०० युरोंच्या वर मिळतं. फी नाही, लाखोंचं कर्ज नाही. अट एकच, आणि ती पक्की: जर्मन भाषा किमान बी-१, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावण्याच्या पातळीपर्यंत यायला हवी. आपल्याकडे ‘हातानं काम’ म्हटलं की घरच्यांचे चेहरे पडतात. जर्मनीत कुशल इलेक्ट्रिशियनची वाट बघत लोक आठवडेच्या आठवडे काढतात आणि त्याला मानानं वागवतात.

हाताशी पदवी आणि नोकरीचं पत्र असेल, तर ‘ब्लू कार्ड’ हा कामाचा परवाना. २०२५ साली त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती. टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नव्या पदवीधरांना ती सुमारे ४३,७६० होती. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. नोकरी हातात नसलेल्यांसाठी १ जून २०२४पासून ‘संधी कार्ड’ आलं आहे. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण मोजून सहा झाले, की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला वीस तास काम करता येतं. कागदावर ही सोय आकर्षक दिसते. पण वर्षभराचे पैसे आपले घालावे लागतात आणि जर्मन न येणाऱ्याचं ते वर्ष बघता बघता निघून जातं.

फिरून फिरून गाडी भाषेशी येते.

सांगलीची एक मेकॅनिकल इंजिनिअर मुलगी कल्पनेत धरू. इंग्रजी माध्यमातलं मास्टर्स, गुण उत्तम, प्राध्यापक खूश. दोन वर्षांत वर्गमित्र भारतीय, चिनी, इराणी. घरात मराठी-हिंदी, वर्गात इंग्रजी, दुकानात खुणा. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला कायदा अठरा महिने देतो. ती अर्ज टाकायला लागते आणि तिच्या लक्षात येतं, की जाहिरात इंग्रजीत असली तरी खाली एक ओळ आहे: जर्मन, बी-२ किंवा सी-१. जर्मनीतले बरेचसे उद्योग मोठ्या शहरांत नाहीत, दहा-वीस हजार वस्तीच्या गावांत आहेत. तिथे पंप किंवा गिअर बनवणारी तीनशे माणसांची कंपनी असते, जगभर माल पाठवते, पण फोरमन, खरेदी विभाग आणि कॅन्टीन सगळे जर्मनच बोलतात. ही कंपनी तिला हवी आहे, कंपनीलाही ती हवी आहे, मधे फक्त भाषा आडवी येते. मग अठरा महिन्यांतले सहा ती भाषेच्या क्लासात घालवते. हेच सहा महिने तिनं पुण्यात किंवा सांगलीत असताना घातले असते, तर?

पुण्यात तर त्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्समुल्लर भवन आहे, आणि अकरावी-बारावीला चांगले गुण पडतात म्हणून जर्मन घेणारी हजारो मुलं आहेत. ती परीक्षेपुरती शिकतात आणि विसरतात, हे पाहून हळहळ वाटते. शून्यापासून बी-२पर्यंत जायला साधारण सहाशे ते आठशे तासिका लागतात. रोज दोन तास दिले, तर वर्षभराचं काम. निघण्याआधी बी-१ पदरात आणि पोहोचल्यावर पहिल्या वर्षात बी-२, हा क्रम जो पाळेल त्याची निम्मी लढाई सुरू होण्याआधीच संपलेली असते. तिथे पोहोचल्यावर फोल्क्सहोखशूले, म्हणजे नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण संस्थांमध्ये माफक दरात वर्ग चालतात.

एजंटांबद्दल थोडक्यात. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट १९८३च्या कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि उमेदवाराकडून त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. पाच-सात लाख मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

आता घर. जर्मनीतल्या मोठ्या शहरांत खोली मिळणं ही नोकरी मिळण्याइतकीच कठीण गोष्ट होऊन बसली आहे. विद्यार्थ्यांनी प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी श्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज टाकावा. प्रतीक्षायादी काही महिन्यांची असते. बाकीच्यांसाठी सामायिक घरातली खोली. जाहिरातीत दोन आकडे दिसतात: ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. विजेचं बिल बहुधा त्याहूनही वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकीच घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. ‘मी लंडनला आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल’ असा निरोप आला, की तो फसवणुकीचाच समजावा. खोली पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या कोणाला पाठवून दाखवल्याशिवाय, पैसे देऊ नयेत.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. ‘नोंद करता येणार नाही’ म्हणणाऱ्या मालकाची स्वस्त खोली घेऊ नये, कारण त्या नोंदीशिवाय करक्रमांक नाही आणि परवान्याचं कामही अडतं. पुढे नागरिकत्वासाठी वर्षं मोजतानाही याच नोंदी पुरावा म्हणून कामी येतात.

स्टुटगार्टच्या परिसरात घर मिळालं, तर एक दिवस दाराला अडकवलेली पाटी दिसेल: ‘केअरवोखं’, झाडलोटीचा आठवडा. त्या आठवड्यात जिना, तळमजला, कधी फुटपाथही झाडून-पुसून काढायची पाळी त्या घराची. पाटी पुढच्या दारावर गेली की पाळी संपली. तिथल्या शेजाऱ्यांशी पहिली ओळख या पाटीतूनच होते. कोपरेसुद्धा नीट पुसलेले दिसले, तर वरच्या मजल्यावरच्या आजी स्वतःहून बोलायला थांबतात. थंडीतल्या खिडक्यांचंही तसंच. आपल्याकडची सवय म्हणजे थंडी वाजली की सगळं गच्च बंद. तिथे फोडणीची आणि आंघोळीची वाफ भिंतीत मुरते, महिन्याभरात काळी बुरशी धरते आणि अनामतीतून पैसे कापले जातात. म्हणून बाहेर बर्फ असला तरी दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या.

पत्रांकडे पुन्हा वळायला हवं, कारण नव्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. पिवळं पाकीट आलं, तर ते सरकारी आणि मुदतीचं असतं. पोस्टमन पाकिटावर तारीख लिहून ते पेटीत टाकतो, आणि त्या तारखेपासून मुदत सुरू होते. पाकीट कधी उघडलं याला महत्त्व नाही. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला साधारण एक महिना मिळतो, दंडाच्या आदेशावर दोनच आठवडे. सुट्टीत दीड महिना गावी येणाऱ्यानं पेटीची किल्ली मित्राकडे द्यावी आणि त्यानं पाकिटांचे फोटो पाठवावेत. जर्मन घरांत जाड पुठ्ठ्याच्या फायली असतात: विमा, कर, भाडं, बँक, पगार. तशाच पाच फायली पहिल्या महिन्यात आणून ठेवाव्यात. सहा वर्षांनंतर कार्यालयात पहिल्या नोकरीच्या पगारपत्रकांची मागणी झाली, की त्या फायलींची किंमत कळते.

कागद इथूनही नीट न्यायला हवेत. मराठी नावांचा घोळ नेहमीचा आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर वडलांचं नाव मधे, लग्नानंतर एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही. जर्मन कारकुनाला ही चार वेगळी माणसं वाटतात. तिथे लग्नाची किंवा मुलाच्या जन्माची नोंद करताना हे सगळं अडतं, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी वडील ग्रामपंचायतीत खेटे घालत असतात. जन्मदाखल्यातलं नाव आणि स्पेलिंग निघण्याआधीच दुरुस्त करून घ्यावं.

पगाराचा आकडा ऐकून घरी आनंद होतो, तेव्हा हेही सांगावं की अविवाहित माणसाच्या ४८,३०० युरोंमधून कर आणि सामाजिक विमा वजा जाता महिन्याला हातात साधारण २,६०० युरो येतात. कर्जाचा हप्ता या आकड्यावर बेतावा. कापलेल्या पैशात निवृत्तिवेतनासाठी पगाराचे ९.३ टक्के असतात, तेवढेच कंपनी घालते. साठ महिने वर्गणी भरली की म्हातारपणीच्या पेन्शनचा हक्क मिळतो, आणि १ मे २०१७पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे तो भारतात परतल्यावरही टिकतो. आरोग्य विमा विद्यार्थ्यांनी सरकारी क्राँकेनकासेचा, म्हणजे विमा संस्थेचाच घ्यावा. सुरुवातीला स्वस्त वाटणारा खासगी विमा एकदा घेतला, की शिक्षण संपेपर्यंत मागे फिरता येत नाही.

पहिला नोव्हेंबर जड जातो. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आधी सूर्य मावळतो, रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे. गणपती-दिवाळीला मराठी मंडळात जावंच, तिथे जीव हलका होतो. पण फक्त तिथेच गेलं, तर पाच वर्षांनीही जर्मन मित्र एकही नसतो. जर्मन माणसं ‘फेराइन’मध्ये, म्हणजे मंडळांत एकत्र येतात: टेबल टेनिस, गायन, डोंगर चढणं, गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल. वर्गणी थोडी, हजेरी नियमित. पहिले तीन महिने कोणी फारसं बोलत नाही. चौथ्या महिन्यात माणूस सरावाला आला नाही, तर विचारपूस करणारा फोन येतो.

कायम वास्तव्याचा परवाना हा खरा टप्पा. ब्लू कार्डधारकाला बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत तो मिळू शकतो, फक्त ए-१ असेल तर २७ महिन्यांत. जर्मन विद्यापीठाची पदवी किंवा आउसबिल्डुंग असलेल्याला कुशल नोकरीची आणि पेन्शन-वर्गणीची दोन वर्षं पुरतात, इतर कुशल कामगारांना तीन. जून २०२४पासून नागरिकत्व पाच वर्षांत मागता येतं. बी-१ प्रमाणपत्र, स्वतःचा चरितार्थ आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, त्यात १७ बरोबर. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी सवलत ऑक्टोबर २०२५मध्ये रद्द झाली, तेव्हा जुन्या व्हिडिओंवर विसंबू नये. एक नियम मात्र लाल शाईनं लिहून ठेवावा: सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं, तर बहुतेक परवाने आपोआप संपतात. ब्लू कार्डला ही मुदत बारा महिन्यांची आहे. आईच्या आजारपणात थांबावं लागलं, तर मुदत उलटण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी मुदतवाढ घ्यावी.

आईवडलांचा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो टाळून चालत नाही. भेटीच्या व्हिसावर ते १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतात. ज्यांना कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांना आईवडलांना कायमचं बोलावण्याची वाट कायद्यानं उघडली आहे. पण त्यांच्या चरितार्थाचा आणि पुरेशा आरोग्य विम्याचा पुरावा लागतो, आणि सत्तरीच्या माणसाला तसा विमा मिळणं फार अवघड. त्यामुळे बहुतेक घरांत आईवडील इथेच राहतात. म्हणूनच त्यांचा इथला आरोग्य विमा, जवळचा एक भरवशाचा माणूस आणि दवाखान्याची सोय हे निघण्याआधी ठरवून ठेवायचं काम आहे.

इथल्या बाजूचे काही कागद उरतात. तिकडे स्थायिक झाल्यावर इथलं साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं करून घ्यावं लागतं. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. जर्मन नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड काढायचं. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्कानं आलेली मात्र राहते. त्यामुळे ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी वाटणी आणि वारसनोंदी वेळेवर करून घ्याव्यात. तिथून काम करायचं, तर भावाच्या किंवा बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून बर्लिनच्या दूतावासात किंवा म्युनिक, फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्गच्या वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावं. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट घरी आल्याची तारीख भावानं त्यावरच लिहून ठेवावी.